गिझर आमचा, भिंत तुमची

प्रति,
समस्त घरमालक,
हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ

काका-काकू,

भाड्याचं घर बघायची आपल्याकडची वेळच चुकीची आहे. बदल्या होतात उन्हाळ्यात, शाळा-कॉलेजं उघडतात जूनमध्ये, म्हणून आम्ही भाडेकरू तुमच्या दारात येतो ते मे-जूनच्या उन्हात. त्या दिवसांत स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी असं तापलेलं असतं की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. तुम्ही विचारता, गाव कोणतं, नोकरी कुठं, माणसं किती. आम्ही विचारतो, बोअरला पाणी टिकतं का, गाडी कुठं लावायची, डिपॉझिट किती. गरम पाण्याचा विषय कुणाच्याच तोंडात येत नाही. तो निघतो दिवाळीनंतर. पहाटेचा पारा 10-12 अंशांवर उतरलेला असतो, घरात एखादी बाळंतीण किंवा सत्तरीतली आई असते, आणि रात्रभर उघड्यावर गारठलेल्या टाकीतलं पाणी अंगावर घ्यायचं असतं.

मग भाडेकरू बाजारातून गिझर आणतो, इलेक्ट्रिशियनला बोलावतो. तो न्हाणीत डोकावतो आणि सांगतो, इथं पॉइंटच नाही. असतो तो एक बल्बचा होल्डर, आणि दाराबाहेर एक लहान सॉकेट. मालकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: "गिझर तुमचा, तुमचं तुम्ही बघा."

हे पत्र त्या उत्तरापुरतं आहे. गिझर आमचा, हे मान्य. तो आम्ही आणू, बिघडला तर दुरुस्त करू, घर सोडताना काढून नेऊ. पण गिझर ज्याच्या जिवावर चालतो ते सगळं तुमच्या भिंतीत आहे: वायर, अर्थिंग, पाइप, खिडकी, टाकीची उंची आणि खाली जिन्यातला मीटर. त्यातलं काहीही भाडेकरूला बदलता येत नाही. छिद्र पाडायचं तरी तुमची परवानगी लागते, आणि लागायलाच हवी.

थोडा हिशेब मांडतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात अशा 860 किलोकॅलरी असतात. 20 अंशांचं 15 लिटर पाणी 60 अंशांवर न्यायचं तर 600 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 0.7 युनिट. 2000 वॉटचा गिझर हे काम 21 मिनिटांत उरकतो. त्या पाण्यात विसण घालून अंगाला सोसेल असं केलं की 27 लिटरच्या आसपास होतं, म्हणजे दीड बादली. एका माणसाची ऐसपैस अंघोळ, दोघांची काटकसरीची. गिझर दिवसभर चालू ठेवला तर बिल कमी येतं, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती खोटी आहे. तापलेली टाकी सतत उष्णता गमावत राहते आणि ती भरून काढायला थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा वीज ओढतो. अंघोळीआधी अर्धा तास लावावा, झाली की बंद करावा.

आता यात व्होल्टेज घाला. संध्याकाळी आणि पहाटे, शेतातल्या मोटारी आणि गावातले गिझर एकदम लागले की 230चं 180 होणं आपल्याला नवीन नाही. गिझरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. त्यामुळे 180 व्होल्टवर 2000 वॉटचा गिझर जेमतेम 1225 वॉटचा उरतो आणि 21 मिनिटांच्या कामाला 34 मिनिटं घेतो. युनिट जवळपास तेवढंच पडतं, वेळ मात्र दीडपटीहून जास्त. "तुमचा गिझर फार वेळ चालतो" असं जे काकू जिन्यातून म्हणतात, त्याचा अर्थ दरवेळी आमची उधळपट्टी असा नसतो.

2000 वॉट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर. मोबाइल आणि मिक्सर ज्या लहान सॉकेटवर चालतात ते 6 अँपिअरचं असतं. त्यात गिझरची पिन बसत नाही, म्हणून मध्ये एक अडॅप्टर येतो, आणि पंधरा-वीस दिवसांत त्या अडॅप्टरचं तोंड काळं पडतं. गिझरला 16 अँपिअरचं सॉकेट लागतं, मेन बोर्डापासून त्याची स्वतंत्र, जाड तांब्याची वायर लागते, बोर्डात त्याचा वेगळा एमसीबी लागतो. घर बांधताना हे केलं तर खर्च किरकोळ. नंतर भिंत फोडून करायचं म्हटलं तरी एका खोलीचं काम बहुतेक ठिकाणी महिनाभराच्या भाड्यात बसतं.

एमसीबी लावला म्हणजे झालं, असं अनेक मालक समजतात. तो वायर वाचवतो, माणूस नाही. ओल्या अंगाच्या माणसातून जमिनीत जाणारा करंट इतका थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि तेवढ्यानंही हृदय थांबू शकतं. तो करंट ओळखून क्षणात वीज तोडतो तो आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरचा. सोबत खरं अर्थिंग हवं. खरं म्हणजे जमिनीत गाडलेला इलेक्ट्रोड आणि तिथून प्रत्येक मोठ्या सॉकेटपर्यंत आलेली हिरवी वायर. नळाच्या पाइपाला गुंडाळलेला तुकडा म्हणजे अर्थिंग नव्हे. तसल्या पाइपात पुढं कुठं प्लॅस्टिकचा जोड असेल, तर करंट जमिनीत न जाता शेजारच्या नळावर येऊन बसतो.

जाता जाता एक. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. 2023 मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी सूक्ष्म असा बदल तिथं मोजला जाईल. त्या कामासाठी देशभरातून येणारी माणसं तुमच्याच खोल्या भाड्याने घेतील, आणि बाथरूममध्ये अर्थिंग आहे का, एवढं तरी टेस्टर घेऊन मोजतील.

पाणी जड असणं हा वेगळाच ताप. आपला जिल्हा काळ्या बसाल्टवर बसलेला आहे आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. ते पाणी तापलं की क्षार वेगळे होतात आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतात. चहाच्या पातेल्याच्या बुडाला दिसतो तोच हा थर. कॉइल आणि पाणी यांच्यामध्ये तो आडवा आला की पाणी उशिरा तापतं, कॉइल मात्र आतल्या आत जास्त तापून जळते. पारा 60च्या वर नेला की थर आणखी भरभर साचतो. म्हणून थर्मोस्टॅट 50-55वर ठेवावा आणि वर्षाकाठी एकदा टाकी उघडून साफ करून घ्यावी. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः गंजते, म्हणून ती संपली की बदलावी लागते. हे काम भाडेकरूचं. पण नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत सोडता की वेगळं, हे तुमच्या हातात आहे.

आता गिझरचा सेफ्टी वॉल्व्ह. त्यासाठी हळदीचं उदाहरण तुम्हाला लगेच पटेल. तुमची कितीतरी घरं हळदीच्या पैशावर उभी आहेत, आणि वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी शेतात उघड्या कढईत हळद शिजायची, आता बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडून शिजते. त्या बॉयलरच्या डोक्यावरचा सेफ्टी वॉल्व्ह फुसफुसला तर तुम्ही त्यात खिळा ठोकता का? घरात मात्र नेमकं तेच होतं. गिझरच्या सेफ्टी वॉल्व्हमधून पाणी ठिबकतं, खालच्या मजल्याच्या भिंतीला ओल येते, तुम्ही प्लंबरला बोलावता आणि तो वॉल्व्ह काढून तिथं प्लग ठोकून जातो. तापलेलं पाणी फुगतं, वाढलेला दाब त्या वॉल्व्हातून बाहेर पडतो, म्हणून ते थेंब. वाट बंद केलेल्या टाकीत एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट अडकला तर ती फुटते. त्या थेंबांना एक बारीक नळी जोडून मोरीपर्यंत नेली की भिंतही कोरडी राहते.

गॅस गिझर पुष्कळांना आवडतो. विजेचं बिल येत नाही, लोडशेडिंगची फिकीर नाही, नळ सोडला की गरम पाणी हजर. हिशेबानेही वाईट नाही. 14.2 किलोच्या एका सिलिंडरमध्ये गरम पाण्याच्या पावणेतीनशेच्या आसपास बादल्या निघतात. माझं भांडण गिझरशी नाही, तो बसतो त्या जागेशी आहे.

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गिझर साधारण 11 किलोवॉटची ज्योत जाळतो. दहा मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, आणि तेवढा गॅस जाळायला जवळपास दोन घनमीटर हवेतला प्राणवायू लागतो. आता तुमची न्हाणी मोजा. चार बाय सहा, उंची नऊ फूट, म्हणजे सहा घनमीटर. दार लावलेलं, थंडी म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला, आणि गिझर आतच. एका अंघोळीत त्या खोलीतल्या हवेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा प्राणवायू ज्योत खाते. घरातला दुसरा माणूस लगेच पाठोपाठ अंघोळीला गेला तर उरलेल्या हवेत ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, चक्कर येते, मग पायातलं बळ जातं. कडीपर्यंत हात पोचायच्या आत तो खाली बसतो. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून अशी बातमी येते, आणि त्यात पुष्कळदा घर भाड्याचं असतं. कारण भाड्याच्या घरात गिझर बाहेर लावायचा तर पाइप बाहेर न्यावा लागतो, आणि त्याला मालक नको म्हणतात. भिंत खराब होते.

तेव्हा भिंत खराब होऊ द्या. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या डक्टमध्ये लावायला जागा द्या. सिलिंडरही बाहेरच राहू द्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की जमिनीलगत साचतो. जागा नसेल तर गॅस गिझरला सरळ नाही म्हणा आणि विजेचा पॉइंट काढून द्या. जागाही नाही आणि पॉइंटही नाही, असं मात्र करू नका.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची अडचण वेगळी. नळ सोडला तरी त्याचा गॅस गिझर पेटतच नाही. कंपनीचा माणूस येतो, गिझर ठीक आहे म्हणतो, पैसे घेऊन जातो. दोष टाकीचा असतो. पाण्याच्या एक मीटर उंचीने 0.1 बार दाब मिळतो. टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असेल तर तिच्याखालच्याच न्हाणीला कसाबसा दीड-दोन मीटरचा दाब मिळतो, आणि गिझर पेटायला त्याहून जास्त लागतो. टाकीखाली लोखंडी स्टँड करून ती उंच केली की बऱ्याच घरांतलं हे रडगाणं संपेल.

सोलर हीटरला ऊन हवं, आणि उन्हाची आपल्याकडे कमी नाही. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 20 अंशांवर आहोत. दक्षिणेला तोंड करून नळ्या लावल्या की पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले तर वर्षभर पाणी फुकट तापतं. 100 लिटरचा संच दोन-तीन माणसांना पुरतो. तो फक्त तुम्हीच लावू शकता, कारण गच्ची तुमची. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत विजेचे पॅनेल बसवायला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, तेही स्वतःचं छत असलेल्यालाच. भाडेकरूच्या वाट्याला यातलं काही येत नाही, आणि त्याची तक्रारही नाही. तक्रार आहे ती पाइपाची. तळमजल्यापर्यंत वीस मीटर पाइप आला तर त्यात अडीच-तीन लिटर गार पाणी अडकून असतं. गरम पाणी हातात यायच्या आधी तेवढं मोरीत जातं. तेही मार्चपासून टँकरची वाट बघणाऱ्या गावात. पाइपावर वेष्टण घाला, लांबी कमी करा, आणि पहाटे पाचला मालकांच्या घरच्या सगळ्यांनी अंघोळी उरकल्या की संच रिकामा झालेला असतो, हे खोली दाखवतानाच सांगत जा. खोट्या गरम पाण्यापेक्षा खरं गार पाणी बरं.

आता मीटर. इथं तुम्हाला राग येईल, पण बोलायला हवं. एका घरात चार बिऱ्हाडं, महावितरणचा मीटर एकच, बाकीच्यांना सबमीटर आणि सरसकट ठरवलेला दर. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 महाग, त्यापुढं आणखी महाग. चार बिऱ्हाडांनी नव्वद-नव्वद युनिटं जाळली तर स्वतंत्र मीटरवर चौघंही स्वस्त टप्प्यात राहिले असते. एकाच मीटरवर मिळून 360 होतात, आणि स्वस्त टप्पा सगळ्यांना मिळून एकदाच येतो. हिवाळ्यात गिझर लागले की ही दरी आणखी रुंदावते. बरं, यात तुमच्याही खिशात काही पडत नाही. जास्तीचा पैसा बिलातच जातो. बिलाची वाटणी करणं एक, आणि ठरवलेल्या दराने नफा काढणं दुसरं. वीज विकायला विद्युत अधिनियम 2003च्या कलम 12 प्रमाणे परवाना लागतो. आणि त्याच कायद्याच्या कलम 43 प्रमाणे मालकाने किंवा जागा वापरणाऱ्याने अर्ज केला तर वीज देणं वितरण कंपनीला बंधनकारक आहे.

भाडेकरूच्या नावाने मीटर आला की तो घर बळकावेल, ही भीती मला ठाऊक आहे. वीजबिल हा मालकीचा पुरावा नाही. नाव तुमचंच ठेवून प्रत्येक बिऱ्हाडासाठी वेगळी जोडणी मागा. भीतीवरचा खरा उपाय नोंदणीकृत करार. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, ही आपल्याकडची जुनी समजूत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999चं कलम 55 वेगळं सांगतं. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर वादात, उलट सिद्ध होत नाही तोवर, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे कागद न करण्यात जोखीम तुमचीच. त्याच कायद्याच्या कलम 29 प्रमाणे योग्य कारणाशिवाय पाणी किंवा वीज तोडता येत नाही. भाडं थकलं म्हणून मोटार बंद ठेवणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

केंद्र सरकारने 2021 मध्ये एक आदर्श भाडेकरार कायदा तयार केला. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण त्याच्या परिशिष्टात कुणी काय दुरुस्त करायचं याची यादी आहे. गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे, नळाच्या तोट्या आणि वॉशर भाडेकरूकडे. वायरिंग आणि पाइप बदलणं मालकाकडे. ही वाटणी मला रास्त वाटते. ती आपल्या करारात एका ओळीत लिहून टाकायला कुणाची मनाई आहे?

तुमची बाजूही मला दिसते. दोन-तीन खोल्यांचं भाडं म्हणजे काही कारखाना नव्हे. कुणाचं त्यावर औषधपाणी चालतं, कुणाच्या मुलाची फी भरली जाते. भाडेकरूही सगळे सरळ नसतात. गिझर काढून नेताना भिंतीतली खुंटी उपटून नेणारे मी पाहिले आहेत. म्हणून मी सगळं एकदम मागत नाही. या दिवाळीआधी एका खोलीचं करा. इलेक्ट्रिशियनला एकदा बोलावून अर्थिंग तपासा, मेन बोर्डात आरसीसीबी बसवा, एक 16 अँपिअरचा पॉइंट काढा. झरोक्याचा पुठ्ठा काढा. खोली दाखवताना "पाणी चोवीस तास" म्हणता, त्याच दमात "गिझरचा पॉइंट आहे, अर्थिंग आहे" असंही सांगा. त्यासाठी भाडं शंभर-दोनशेनं वाढवलंत तरी शहाणा भाडेकरू कुरकुर करणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वरच्या मजल्यावरचा भाडेकरू

ता. क. विद्यार्थ्यांच्या खोल्यांबाहेर "हीटर वापरू नये, वापरल्यास खोली खाली करावी लागेल" अशी पाटी असते. त्या पाटीमुळे पाणी तापवायचा रॉड बंद होत नाही, मालक झोपले की लागतो. 1500 वॉटचा रॉड, 6 अँपिअरचं सॉकेट, लोखंडी बादली, दार आतून लावलेलं, आणि पाणी तापलं का हे बोट घालून बघणारा अठरा वर्षांचा पोरगा. पाटी काढून त्या जागी एक सामायिक गिझर लावा, पहाटे साडेपाच ते आठ चालू ठेवा आणि त्याचा खर्च सगळ्यांत वाटून घ्या. ते होईपर्यंत निदान पोरांना एवढं तरी समजावून सांगा: आधी बटण बंद करायचं, मग पिन काढायची, आणि त्यानंतरच पाण्याला हात लावायचा.